पेणचे गणपती कारखाने : माती, साचा आणि हंगाम

भोगावती नदीकाठचे पेण एकोणिसाव्या शतकात अंतोरे बंदरामुळे मीठ आणि भाताच्या व्यापारासाठी ओळखले जात असे. 1893 नंतर सार्वजनिक गणेशोत्सव मुंबई-पुण्यात रुजला आणि मूर्तींची मागणी वाढली, तसे येथील घरगुती मूर्तिकामाला धंद्याचे रूप येत गेले. पुढे ते हमरापूर, जोहे या गावांतही पसरले.

आरंभीचे माध्यम शाडू, म्हणजे गुजरातेतून येणारी पांढरट, चिकट माती होते. शाडूची मूर्ती जड आणि ठिसूळ असून ती सावलीत सावकाश वाळवावी लागते. भर पावसाळ्यात, ऐन हंगामाच्या तोंडावर, वाळवण्याला लागणारा हा वेळच उत्पादनाची मर्यादा ठरवीत असे. जिप्सम भाजून केलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसने ही अडचण दूर केली. बाहेरून कठीण कवच असलेल्या लवचीक रबरी साच्यात पातळ प्लास्टर फिरवून आतून काथ्याचा थर दिला की ते थोड्याच वेळात घट्ट होते आणि रबर मोज्यासारखे सोलून निघते. हलक्या, पोकळ मूर्ती दूरवर पाठवणे सोपे झाले, रंग न दिलेल्या ‘कच्च्या’ मूर्तींचा स्वतंत्र व्यापार उभा राहिला आणि काम वर्षभर चालू लागले. डोळ्यांची आखणी मात्र कसबी हातांकडेच राहिली. अलीकडे कापडी धोतर नेसवलेल्या आणि फेटा बांधलेल्या मूर्तींमुळे शिवणकामही या धंद्यात आले.

या वाढीत एक धोका दडलेला होता. विक्रीचा हंगाम काही आठवड्यांचा आणि खर्च बारमाही असल्याने कारखानदाराचे भांडवल साच्यांत व साठ्यात अडकून पडते. शिवाय या धंद्याला आखीव जागेचा आधारही मिळाला नाही. रोह्याजवळच्या धाटाव येथे औद्योगिक विकास महामंडळाने रासायनिक कारखान्यांसाठी भूखंड आखून वसाहत उभारली. पेणचा धंदा मात्र घरांच्या पडव्यांत आणि पत्र्याच्या शेडमध्येच वाढला. त्यामुळे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या, तेव्हा माध्यम बदलण्याचा भार लहान कारखान्यांवर पडला. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, पण न्यायालयाच्या परवानगीविना नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन करण्यास मनाई केली.

पाणी निर्मळ राखण्याचा हेतू योग्यच आहे. परंतु शाडूचा पुरवठा, वाळवण्याची जागा आणि हंगामी कर्ज यांची सोय न करता केवळ माध्यम बदलण्याचा आदेश दिल्यास तो बदल मोठ्या कारखान्यांनाच झेपेल आणि लहान कारखाने बंद पडतील.