मांजरीची वाट

मागच्या बैठकीत आमच्या गटात कर्जाच्या हप्त्यांपेक्षा जास्त वेळ एका भोकावर वाद झाला.

गोठ्याला लागून गटाची बियाण्याची खोली आहे. दोन वर्षांपूर्वी तिथं उंदरांनी हरभऱ्याची पोती कुरतडली, म्हणून आम्ही विषाच्या गोळ्या ठेवल्या. उंदीर मेले. मेलेला उंदीर खाऊन आमच्यातल्याच एका आजींची मांजरही गेली. आजी काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत. आता पुन्हा उंदीर झाले, तेव्हा ठरलं की विष नको, मांजर बरी. पण खोलीला कुलूप, किल्ली कोषाध्यक्ष ताईंकडे, आणि मांजर काही किल्ली मागायला जाणार नाही. मग दाराला खाली भोक पाडायचं का? निम्म्या जणी म्हणाल्या, छे, उंदराला आयतं दार होईल.

या वादापायी आम्ही थोडं वाचलं. निघालं असं, की हा वाद आपल्या गटापेक्षा पुष्कळ जुना आहे.

माणूस धान्य साठवायला लागला, धान्याला उंदीर आले आणि उंदरांच्या मागे मांजर आली. भूमध्य समुद्रात सायप्रस नावाचं बेट आहे. तिथं सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत माणसाच्या शेजारी, हातभर अंतरावर, मांजर पुरलेली सापडली. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी तिला होडीत घालून नेलं असणार. उगीच नाही नेणार कुणी!

आपल्याकडे माजघर, पडवी, ओटा सगळं उघडं. मांजर कौलावरूनही येते. युरोपातल्या थंडीच्या गावांत दारं जाड लाकडाची आणि कायम लावलेली. तिथं मांजरीची अडचण झाली, म्हणून दाराच्या खालच्या फळीला भोक पाडायची रीत पडली. स्पेनमध्ये खेड्यातल्या जुन्या दारांना अशी भोकं दिसतात. त्याला ते ‘गातेरा’ म्हणतात. ‘गातो’ म्हणजे मांजर. फ्रान्समध्ये ‘शातियेर’, तोही शब्द मांजरीवरूनच. चौदाव्या शतकातल्या चॉसर नावाच्या इंग्रज कवीच्या एका गोष्टीत नोकर दाराच्या तळाशी असलेल्या मांजरीच्या भोकातून खोलीत डोकावतो. कवीला हे भोक कशासाठी ते समजावून सांगावं लागलं नाही. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या घरी ते असणारच.

सगळ्यात आवडला तो मात्र इंग्लंडमधल्या एक्सेटर गावच्या मोठ्या चर्चचा हिशेब. आम्ही गटाच्या वह्या लिहिणाऱ्या बायका, हिशेब दिसला की थांबतोच. तिथल्या जुन्या हिशेबांत १३०५ ते १४६७ या काळात मांजरीच्या नावावर खर्च पडलेला आहे. तीन महिन्यांना तेरा पेनी, म्हणजे आठवड्याला एक. उंदीर तर ती खायचीच, हे वरखर्चाला. आणि नोंद कुठं? चर्चची राखण करणाऱ्या सेवकांच्या पगाराच्या ओळीत, त्यांच्या बरोबरीनं.

हे बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा मागून एक जण म्हणाली, “मांजरीचं नाव वहीत आलं, आपलं अजून सातबाऱ्यावर आलं नाही.” हसलो सगळ्या. मग जरा वेळ कुणी बोललं नाही.

पुढे १५९८ साली त्याच चर्चमध्ये विल्यम कॉटन नावाचे बिशप, म्हणजे मुख्य धर्मगुरू, होते. त्यांच्या मांजरीसाठी एका दाराला भोक पाडलं, त्याची सुतारांची मजुरी आठ पेनी. तीही लिहून ठेवलेली. त्या दारावर भलंमोठं जुनं घड्याळ आहे. घड्याळाच्या यंत्राला चरबी लावत आणि तिच्या वासानं उंदीर येत, असं सांगतात. दार अजून आहे, गोल भोकही आहे. मांजरीचं दार न्यूटन या शास्त्रज्ञानं शोधलं अशी एक गोष्ट फिरते, ती मात्र सोडून द्या. न्यूटन जन्मला १६४२ साली. तोवर बिशपांची मांजर कितीतरी वेळा आत-बाहेर करून गेली असेल.

इंग्लंडचे शेतकरी आणखी पुढे गेले. धान्याच्या कोठारांच्या भिंतीत उंचावर ते घुबडासाठी भोक ठेवत. घुबड आत येऊन उंदीर टिपायचं. आपण घुबड दिसलं की अपशकुन म्हणून दगड मारतो. पण त्याच जातीच्या पांढऱ्या तोंडाच्या घुबडाला मराठीत ‘गव्हाणी घुबड’ म्हणतात. गव्हाणीजवळ, गोठ्यात राहणारं म्हणून. ते तिथं कशासाठी बसायचं हे नाव ठेवणाऱ्याला ठाऊक असणार.

आता आपल्या निम्म्या जणींचा प्रश्न. उंदराला मांजरीचं भोक लागत नाही. अंगठ्याएवढी फट त्याला पुरते, आणि तेवढी तर प्रत्येक दाराखाली असते. सापाचंही तेच, तो उंदरामागेच येतो. कोंबड्या मात्र शिरतील, म्हणून आम्ही वीतभर भोकाला ट्रकच्या जुन्या ट्यूबचा पडदा लावला. बियाणं उघडं ठेवायचं नाही, पोत्यांची तोंडं शिवायची, कारण मांजर मोकळ्या धान्यात घाण करते. विषाची एकही गोळी खोलीत राहिली नाही ना, तेही कोपरे झाडून बघितलं.

सुतारदादांनी अर्ध्या तासात काम केलं. आजींनी आपल्या नव्या मांजरीला आणून पडदा हातानं उचलून दाखवला. पहिल्या दिवशी ती नुसती वास घेऊन निघून गेली. तिसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढलं, तर ती आत पोत्यावर बसलेली.

कोषाध्यक्ष ताईंनी वही उघडून विचारलं, हा खर्च कुठं घालू, किरकोळ खर्चात? आजी म्हणाल्या, “किरकोळ कशाला? मांजरीच्या दाराचे, असं लिही.” तसंच लिहिलं आहे.