प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजनेचा इतिहास : सूर्यप्रकाशापासून एलईडी दिव्यांपर्यंत

प्रस्तावना :

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात असंख्य लहान प्राण्यांनी चुन्याच्या सांगाड्यांतून उभारलेली वसाहत म्हणजे प्रवाळभित्ती होय. प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याचे जीवन प्रकाशावर अवलंबून असते. त्याच्या पेशींत वास्तव्य करणारी एकपेशीय शैवाले प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा भाग यजमान प्राण्यास पुरवितात. त्यामुळे काचेच्या टाकीत प्रवाळ जगवू पाहणाऱ्या प्रत्येकास पाण्याची शुद्धता व क्षारता यांबरोबरच प्रकाशाचा प्रश्नही सोडवावा लागतो. आज एलईडी दिव्यांमुळे प्रकाशाची तीव्रता, रंग व कालावधी या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे ठरविता येतात. हे स्वातंत्र्य कसे प्राप्त झाले आणि त्याबरोबर कोणती जबाबदारी आली, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आरंभीचे प्रयत्न :

प्रवाळ टाकीत जगविण्याचा पहिला ज्ञात यशस्वी प्रयत्न ॲना थिन या इंग्लिश महिलेच्या नावे नोंदविला जातो. १८४६ मध्ये टॉर्की येथील समुद्रकिनाऱ्यावरून काही प्रवाळ त्यांनी लंडनला आणले आणि पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळत ते जगविले. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा 'द ॲक्वेरियम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या काळात प्रकाशाकडे प्रामुख्याने टाकीतील दृश्य पाहण्याचे व पाणवनस्पती जगविण्याचे साधन म्हणून पाहिले जात असे. थिन यांनी पाळलेले प्रवाळ थंड समुद्रातील असून ते उष्ण कटिबंधातील भित्तिप्रवाळांप्रमाणे शैवालांवर अवलंबून नव्हते. त्यामुळे प्रवाळाला प्रकाशाची गरज असते, हा प्रश्नच त्या वेळी उपस्थित झाला नाही.

प्रकाश हे अन्न आहे, या जाणिवेचा उदय :

प्रवाळ व तत्सम प्राण्यांतील पिवळसर पेशींना 'झूझँथेला' हे नाव कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये दिले. तथापि, या पेशींचे कार्य काय, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. १९२८-२९ मध्ये सी. एम. यंग यांच्या नेतृत्वाखाली ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेत काही प्रवाळ अनेक महिने अंधारात ठेवण्यात आले. त्यांतील शैवाले नाहीशी झाली, परंतु बाहेरून अन्न मिळाल्याने प्रवाळ जिवंत राहिले. यावरून शैवाले प्रवाळाचे पोषण करीत नाहीत, असा निष्कर्ष यंग यांनी काढला. १९४४ मध्ये सिरो कावागुती या जपानी संशोधकाने या पेशी डायनोफ्लॅजेलेट वर्गातील असल्याचे दाखविले. पुढे १९५८ मध्ये लिओनार्ड मस्कॅटीन व कॅडेट हँड यांनी किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने समुद्रफुलातील शैवालांनी तयार केलेले अन्न यजमानाच्या ऊतींत जाते, हे सिद्ध केले. या प्रयोगामुळे जुन्या निष्कर्षास तडा गेला. टाकीवरील दिवा हा प्रवाळाच्या अन्नपुरवठ्याचा भाग ठरला, तो येथून.

सूर्यप्रकाश ते मेटल हॅलाइड :

प्रत्यक्ष मत्स्यालयांत मात्र अनुभवाने सिद्धान्ताच्या आधीच वाट काढली होती. न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे रेने काताला यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या मत्स्यालयात ताजे समुद्रजल व नैसर्गिक प्रकाश यांवर प्रवाळ जगविले गेले. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी जिवंत खडक, हवेचे बुडबुडे व सूर्यप्रकाश यांवर आधारित आपली पद्धत १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. ही दोन्ही उदाहरणे उष्ण कटिबंधातील आहेत, ही बाब महत्त्वाची होय. युरोपातील हिवाळ्यात असा सूर्य उपलब्ध नसल्याने तेथे कृत्रिम पर्याय अपरिहार्य होता.

हा पर्याय १९८० च्या दशकात जर्मनीत दृढ झाला. पीटर विल्केन्स, डीट्रिच श्ट्यूबर आदींच्या प्रयत्नांतून 'बर्लिन पद्धत' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेत जिवंत खडक, फेस काढणारे गाळणीयंत्र आणि प्रखर मेटल हॅलाइड दिवे यांचा मेळ घालण्यात आला. प्रकाशाची गरज सर्वाधिक असलेले ॲक्रोपोरा जातीचे प्रवाळ त्यामुळे घरगुती टाकीत वाढू लागले. परंतु हे दिवे मोठ्या प्रमाणावर वीज खात, पाणी तापवीत आणि त्यांचे बल्ब ठरावीक काळाने बदलावे लागत. शिवाय त्यांचा प्रकाश कमी-अधिक करण्याची सोय मर्यादित होती. दिवा लावणे, विझविणे आणि त्याची उंची बदलणे, एवढेच पाळणाऱ्याच्या हाती असे.

एलईडी दिव्यांचे आगमन :

समुद्राचे पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच बहुतांश शोषून घेते, तर निळा प्रकाश खोलवर पोहोचतो. प्रवाळातील शैवालांची रंगद्रव्येही निळ्या प्रकाशाचा चांगला उपयोग करून घेतात. साहजिकच प्रखर निळ्या एलईडीखेरीज प्रवाळासाठी या तंत्राचा उपयोग नव्हता. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी लाल एलईडी तयार केला, तरी निळ्या एलईडीस पुढील तीन दशके लागली. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांच्या संशोधनातून तो साकार झाला. १९९३ मध्ये निचिया कंपनीने प्रखर निळा एलईडी बाजारात आणला आणि २०१४ मध्ये या तिघांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मत्स्यालयासाठीच्या आरंभीच्या एलईडी संचांमध्ये अमेरिकेतील पीएफओ लायटिंग या कंपनीचा 'सोलॅरिस' हा संच उल्लेखनीय आहे. तथापि, सागरी टाकीवरील एलईडी प्रकाशयोजनेचे एक पेटंट २००७ मध्ये ऑर्बिटल टेक्नॉलॉजीज या कंपनीस मिळाले आणि त्यावरून न्यायालयीन वाद झाला. २००९ मध्ये पीएफओ कंपनी बंद पडली. २०११ नंतर मात्र इकोटेक मरीन कंपनीच्या 'रेडिऑन'सारख्या, प्रत्येक रंग स्वतंत्रपणे नियंत्रित करता येणाऱ्या संचांचा प्रसार वेगाने झाला.

मिश्र टाकीतील समायोजनाचा प्रश्न :

नव्या साधनाबरोबर नवी चूकही आली. मानवी डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असतो. निळा प्रकाश त्याला मंद भासतो. त्यामुळे टाकी अंधुक दिसते म्हणून अनेकांनी दिवे पूर्ण क्षमतेने लावले आणि प्रवाळ फिके पडले. अतिप्रकाशात शैवालांची प्रकाशसंश्लेषण यंत्रणा बिघडते व प्रवाळ त्यांना बाहेर टाकतो. यावर उपाय म्हणून ४०० ते ७०० नॅनोमीटर पट्ट्यातील प्रकाशकण मोजणारे, वनस्पतिविज्ञानात रूढ असलेले 'पार' मापक मत्स्यालयात आले. उष्ण कटिबंधातील भर दुपारी समुद्रपृष्ठावर हे मूल्य प्रति चौरस मीटर प्रति सेकंद सुमारे २००० मायक्रोमोल असते.

मिश्र टाकीत भिन्न खोलीवरील रहिवासी एकाच दिव्याखाली येतात. मत्स्यालय व्यवहारात सामान्यतः मऊ प्रवाळांसाठी ५० ते १५०, मोठ्या पॉलिपच्या कठीण प्रवाळांसाठी ७५ ते १५० आणि लहान पॉलिपच्या कठीण प्रवाळांसाठी २०० ते ३५० मायक्रोमोल इतका प्रकाश योग्य मानला जातो. एकच आकडा सर्वांस पुरत नसल्याने दिव्याची तीव्रता टाकीच्या वरच्या भागासाठी ठरवून इतर प्रवाळांची जागा खाली किंवा कडेला निवडली जाते. निळा व जांभळा प्रकाश अधिक, पांढरा कमी आणि लाल व हिरवा अत्यल्प ठेवण्याची प्रथा आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रवाळाची रंगीत प्रथिने निळ्या प्रकाशाने नियंत्रित होत असल्याचे, तर २०१४ मधील संशोधनात लाल प्रकाश स्टायलोफोरा प्रवाळास बाधक ठरत असल्याचे आढळले. या निष्कर्षांनी अनुभवसिद्ध प्रथेस आधार दिला. नवा प्रवाळ आणल्यावर वा दिवा बदलल्यावर प्रकाश कमी ठेवून तो काही आठवड्यांत हळूहळू वाढविणे, हा या अनुभवाचा सर्वांत मोलाचा धडा होय.

प्रकाशयोजना व प्रवाळसंवर्धन :

या इतिहासाचे महत्त्व छंदापुरते सीमित नाही. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांनी २०१२ मध्ये 'प्रोजेक्ट कोरल' हा उपक्रम सुरू केला. दिवसाची लांबी, ऋतुमानानुसार बदलणारा प्रकाश, तापमान आणि चंद्रकला यांचे चक्र बंद टाकीत निर्माण करून ॲक्रोपोराच्या चार जातींचे प्रजनन घडवून आणल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये फ्लोरिडा ॲक्वेरियमने याच संस्थेच्या सहकार्याने अटलांटिकमधील दुर्मीळ स्तंभप्रवाळाचे प्रजनन प्रयोगशाळेत साध्य केले. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र तापला, तेव्हा अनेक प्रवाळ किनाऱ्यावरील टाक्यांत हलविण्यात आले. समुद्रात जगणे कठीण झालेल्या जीवांसाठी टाकी हे तात्पुरते आश्रयस्थान ठरले.

भारतात २००१ पासून भित्ती उभारणारे कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहेत. त्यामुळे १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यासह कोणत्याही किनाऱ्यावरून छंदासाठी प्रवाळ काढणे गुन्हा आहे. आपल्या दृष्टीने या तंत्राची उपयुक्तता संशोधन व संवर्धन यांसाठी अधिक आहे.

निष्कर्ष :

१) प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशाकडे पाहण्याचा दृष्टिकोन 'पाहण्याचे साधन' ते 'प्रवाळाचे अन्न' असा बदलत गेला.

२) या बदलात शास्त्रीय संशोधन आणि छंद जोपासणाऱ्यांचा अनुभव यांनी परस्परांस पूरक कार्य केले.

३) एलईडी दिव्यांनी तीव्रता, रंग व कालावधी यांवर नियंत्रण दिले, परंतु डोळ्यास दिसणारा उजेड व प्रवाळास मिळणारा प्रकाश यांतील अंतरही उघड केले. म्हणून मोजमाप आणि संयम यांस पर्याय नाही.

४) टाकीतील प्रकाश नियंत्रित करण्याचे हे ज्ञान आज प्रवाळांच्या प्रजननासाठी उपयोगी पडत आहे. एप्रिल २०२४ मध्ये चौथ्या जागतिक प्रवाळ विरंजनाची घोषणा झाली, हे लक्षात घेता या ज्ञानाचे जतन व प्रसार ही काळाची गरज आहे.