ऋषिपंचमीची भाजी आणि परसाचा इतिहास

स्वयंपाकाचा इतिहास लिहावयाचा म्हटले, की अभ्यासकाचे लक्ष प्रथम राजवाड्यातील मुदपाकखान्याकडे आणि लग्नकार्यातील पंक्तींकडे जाते. साधने तेथलीच असल्यामुळे हे साहजिकच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आढळते. मुद्रणकलेच्या काळात रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली प्रसिद्ध झाले. परंतु घरामागच्या परसात उतरून चार पाने खुडावीत, एखादा दोडका काढावा आणि घटकाभरात भाजी चुलीवर चढवावी, हा जो बहुसंख्य घरांचा नित्याचा स्वयंपाक, त्याविषयी त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. सासूने सुनेला दाखवावे आणि सुनेने ध्यानात ठेवावे, अशीच त्याची परंपरा राहिली.

या अलिखित स्वयंपाकाचा एक पुरावा मात्र व्रताच्या आश्रयाने टिकला आहे. तो म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीची, म्हणजेच ऋषिपंचमीची भाजी.

बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खावयाचे नाही, हा या व्रताचा मुख्य नियम. न नांगरता पिकणाऱ्या धान्याला संस्कृतात ‘अकृष्टपच्य’ असा शब्द आहे आणि ते मुनींचे अन्न मानले जाई. व्रताची कथा स्त्रियांच्या विटाळाच्या कल्पनेवर उभी असून ती आज कोणा विचारी माणसाने मान्य करावी अशी नाही. परंतु तिच्यासोबत आलेला आहाराचा नियम मोलाचा आहे. नांगर वगळला की उरतो तो परस. अळू, माठ, भेंडी, पडवळ, दोडका, काकडी, सुरण, लाल भोपळा, मक्याची कणसे ही सारी हाताने लावलेली आणि मोरीच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर वाढलेली. भाद्रपदात पावसाने परस भरलेला असतो, त्यामुळे एकाच भांड्यात दहाबारा प्रकार सहज जमतात.

कृती तर अगदीच सोपी. सुरण, कणसांचे तुकडे यांसारखे उशिरा शिजणारे जिन्नस आधी, मग फळभाज्या, शेवटी पाला. ओले खोबरे, हिरवी मिरची, मीठ आणि चिंच एवढ्यावर भागते. पुष्कळ घरी फोडणीही देत नाहीत. भाज्यांना स्वतःचे पाणी सुटते, तेच पुरते. चिंच केवळ रुचीसाठी नव्हे. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांनीच घसा खवखवतो. भरपूर शिजवावे आणि आंबट घालावे, हा त्यावर घरोघरच्या बायकांनी अनुभवाने काढलेला उपाय होय.

आता या भांड्यातील जिन्नसांकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहू. अळू, सुरण, पडवळ हे येथले फार जुने रहिवासी. मका, लाल भोपळा आणि मिरची मात्र अमेरिकेतल्या. कोलंबस १४९२ साली तिकडे पोहोचला आणि पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले, त्यापूर्वी त्या येथे कोणाला माहीत असण्याचा संभव नाही. सोमेश्वराच्या मुदपाकखान्यात तिखटपणा होता तो मिरीचा. पुढे नवागत फळाने ‘मिरची’ हे नावसुद्धा मिरीवरूनच घेतले. रताळ्याचीही तीच गोष्ट. नाव ‘रक्तालु’ या जुन्या शब्दातून आलेले, कंद मात्र समुद्रापलीकडचा. बटाट्याने तर आपले पोर्तुगीज नावही सोडले नाही, आणि तरीही तो उपवासाच्या ताटात निःशंकपणे बसला.

ऋषींच्या नावाने होणाऱ्या भाजीत अमेरिकेतील कणीस कसे चालले, याचे अनेकांना नवल वाटेल. मला त्यात विसंगती दिसत नाही. व्रताने भाज्यांची यादी ठरविली नव्हती, ती पिकविण्याची रीत ठरविली होती. जे परसात हाताने रुजले ते त्या भांड्यात गेले. म्हणून ही भाजी चारशे-पाचशे वर्षांत बदलत गेली आणि तरीही तीच राहिली.

आपल्या गोव्यातील खतखत्यातही हाच प्रकार दिसतो. सुरण, कणगी, करांदे, नीरफणस, शेवग्याच्या शेंगा यांसोबत मका आणि मिरची आहेतच, पण त्या साऱ्यांना एका चवीत बांधते ते येथले तिरफळ. कांदा-लसणावाचून ही रुची साधते. काणकोणातील खोल्याच्या मिरचीला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशातून आलेले रोप येथल्या मातीत किती मुरले, याची ही सरकारदरबारी नोंदच म्हणावयाची!

कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली वाटी-चमच्याची मापे देऊन मराठी स्वयंपाकघरावर मोठे उपकार केले. परंतु या मिश्र भाजीला वाटीचे माप लावणे अवघड आहे, कारण तिचे प्रमाण त्या वर्षीचा परस ठरवीत असे. शहरांत परसाच्या जागी इमारती आल्या आणि आता चतुर्थीच्या बाजारात पंचमीच्या भाजीचे तयार वाटे मिळतात. त्यातील भेंडी ट्रॅक्टरने नांगरलेल्या मळ्यातली असली, तरी बैलाचा श्रम नसल्यामुळे ती नियमात बसते, असे एखादा नैयायिक म्हणेल. वाट्यात मात्र तीच ठरावीक सात-आठ नावे असतात. परसातल्या पाल्याची, कंदांची, वेलींची जी नावे घराघरांत वेगळी होती, ती त्यात येत नाहीत. आपल्या वाचनालयाच्या सभासदांत परस राखणाऱ्या वृद्ध स्त्रिया अजून आहेत. त्यांच्याकडून ती नावे, लावण्याचा महिना आणि शिजविण्याची रीत उतरवून घेण्यासाठी वाचनालयाने एक वही ठेवावी. जुन्या घरांतील पाककृतींच्या हस्तलिखित वह्याही मागून घ्याव्यात, मग त्या कितीही तेलकट झालेल्या असोत.