गाळणकागदातले कॅल्शियम

१/ आषाढी एकादशीला सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात निर्जळी उपास धरणाऱ्या वारकऱ्याच्या मेंदूला साखर कोण पुरवते? त्याचे यकृत. ते ही साखर केव्हा सोडते, याचा शोध शतकाहून अधिक काळ चालला.

२/ १८५७ साली पॅरिसमध्ये क्लोद बेर्नार यांनी यकृतातून साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळा केला. तो फोडणारे फॉस्फोरिलेज हे विकर कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने शोधले. १९४७ च्या नोबेलचे ते मानकरी ठरले.

३/ या विकराची रूपे दोन: क्रियाशील ‘अ’ आणि निद्रिस्त ‘ब’. कोरींच्या पद्धतीने स्नायूंतून ‘अ’ मिळे. १९५० च्या दशकात सिएटलमध्ये एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांनी अर्क गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला आणि हाती आले केवळ ‘ब’!

४/ फरक गाळणकागदाचा होता. कागदातील कॅल्शियम अर्कात उतरे. त्याने फॉस्फोरिलेज कायनेज हे दुसरे विकर जागे होई आणि ‘ब’ला फॉस्फेट जोडून त्याचे ‘अ’ करी. क्षुल्लक अशुद्धी भासली, ती वस्तुतः शरीराचीच आज्ञा होती. या संशोधनाला १९९२ चे नोबेल लाभले.

५/ यकृतातही हेच घडते. ॲड्रेनॅलिनच्या इशाऱ्यावर इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट हा दूत पेशीतील साठ्यातून कॅल्शियम मुक्त करतो. त्याचे हे कार्य १९८३ मध्ये उलगडले. उपासात ग्लुकागॉनची वाट मुख्यतः निराळी असते. परंतु दोन्ही वाटा अखेर त्याच कायनेजपाशी येऊन मिळतात.