नागपूरचा ताप आणि रांजणातले स्वच्छ पाणी

१/ १९६५ साली नागपूर शहरात तापाची मोठी साथ पसरली. अशा आजाराचे मूळ गटारात शोधण्याची आपली सवय. या साथीचे मूळ मात्र घरातल्या स्वच्छ, जपून साठवलेल्या पाण्यात होते.

२/ पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (स्थापना १९५२, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) या साथीचा छडा लावला. विषाणू निघाला चिकुनगुन्याचा. १९५२-५३ मध्ये टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, हा आजार प्रथम नोंदला गेला. सांधेदुखीने रुग्ण वाकतो, म्हणून माकोंडे भाषेत त्याला 'वाकवणारा' अशा अर्थाचे नाव मिळाले. भारतात १९६३ मध्ये कोलकाता, १९६४ मध्ये मद्रास आणि पुढच्या वर्षी नागपूर, असा त्याचा प्रवास झाला.

३/ वाहक होता एडिस इजिप्ती, दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला डास. त्याची मादी भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेलगत अंडी चिकटवते. कोरडी पडलेली अंडी कित्येक महिने तग धरतात. पाणी पुन्हा चढले की अळ्या बाहेर येतात आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत डास उडतो. म्हणूनच नुसते पाणी ओतून भागत नाही. आठवड्याच्या 'कोरड्या दिवशी' भांडे आतून घासावे लागते.

४/ याच डासाशी १९०१ मध्ये हवानात विल्यम गॉर्गस लढले. पिंपांना झाकणे, साचलेल्या पाण्यावर तेल, अळ्या सापडल्यास दंड. पिवळा ताप त्या शहरातून जवळजवळ हद्दपार झाला.

५/ मुंबईत हेच सोपे नव्हते. तिथे मलेरियाचा डास, अॅनोफिलीस स्टीफन्सी, विहिरींत वाढत होता. चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने विहिरींवर बोट ठेवले. पण पारशी समाजासाठी विहीर पवित्र. ती बुजवण्यास वा झाकण्यास धार्मिक आक्षेप आले. १७२५ ची भिका बेहराम विहीर आजही चर्चगेटजवळ उभी आहे.

६/ दुसरी अडचण तहानेची. १९७३ मध्ये चिकुनगुन्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत पोहोचला. ते महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे दिवस. घागरभर पाण्यासाठी वणवण करणाऱ्या घराला 'पाणी ओतून द्या' असे कोणत्या तोंडाने सांगणार?

७/ पाणीही राहावे आणि डासही होऊ नये, यासाठी उपयोगी पडला एक इवलासा मासा. त्रिनिदादच्या रॉबर्ट लेचमिअर गप्पी यांनी त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले. १८६६ मध्ये अल्बर्ट गुंथर यांनी त्याला गप्पींचे नाव दिले. त्याचे वर्णन १८५९ मध्येच झालेले असल्याने ते शास्त्रीय नाव मागे पडले, पण बोलण्यात 'गप्पी' कायम राहिला. तो अंडी न घालता थेट पिले देतो, झपाट्याने वाढतो आणि अळ्या मटकावतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तो भारतात आला. आज पालिकांचे कर्मचारी हौदांत आणि विहिरींत तो सोडतात.

८/ आज हिंगण्यापासून सीताबर्डीपर्यंत रांजणाची जागा कूलरच्या टाकीने घेतली आहे, आणि गप्पी दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीत शोभेला आला आहे. मासे असलेल्या पेटीत अळी सहसा टिकत नाही. धोका असतो शेजारच्या बादलीत. क्लोरीन उडून जावे म्हणून ठेवलेल्या त्या पाण्यात मासा नसतो, झाकणही नसते. एक-दोन दिवसांत ते वापरावे, तोवर तोंडाला दाट विणीचे कापड बांधावे आणि रिकामी बादली घासून वाळवावी.

९/ हा मासा नदी-तलावांत मात्र सोडू नये. तिथल्या देशी माशांच्या मुळावर तो येतो.

१०/ १९७३ नंतर तीन दशके चिकुनगुन्या जवळपास दिसेनासा झाला. २००५-०६ मध्ये तो परतला. नळाला पाणी रोज येत नाही तोवर घरोघरी ते साठवले जाणारच. साठवणे हा दोष नव्हे. उघडे ठेवणे हा आहे.