जीवनशैली आणि पायली

'जीवनशैली' हा शब्द मराठीत आता चांगलाच रुळला आहे. काय खावे, कसे राहावे हे माणूस स्वतः ठरवतो, असे हा शब्द गृहीत धरतो. मुलांच्या आरोग्याविषयी बोलताना मात्र तो अपुरा पडतो. मूल काहीच निवडत नाही. आईबापांची मजुरी, जमीन, जात आणि शिक्षण त्याच्या ताटात आधीच उतरलेले असते. ही जाणीव वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात कशी स्पष्ट होत गेली, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रारंभ शाळेपासून झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने नयी तालीमचा आराखडा तयार केला. सेवाग्रामच्या शाळेत सफाई, सूतकताई, शेती, स्वयंपाक या कामांतूनच शिक्षण दिले जाई. घरच्या दारिद्र्याने जे हिरावले, ते चांगल्या सवयी पुष्कळ अंशी भरून काढतील, असा विश्वास त्यामागे होता. तो उदात्त होता यात शंका नाही. परंतु स्वच्छ हात धुऊन मूल जेवायला बसले, तरी ताटात किती वाढले जाणार हे शाळेच्या हाती नव्हते.

पुढचा प्रश्न मजुरीचा होता. याच शाळेत शिकलेले डॉ. अभय बंग यांनी डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीला जाण्यापूर्वी वर्धा जिल्ह्यातील कान्हापूरच्या शेतमजुरांमध्ये काम केले. शेतमजुराचे किमान वेतन तेव्हा दिवसाला अवघे चार रुपये धरलेले होते. ते ज्या हिशेबावर बेतले होते, तो हिशेबच डॉ. अभय बंग यांनी तपासला. राबणाऱ्या देहाला किती उष्मांक लागतात आणि एका मजुरीवर किती तोंडे अवलंबून असतात, हे प्रश्न त्यातून ऐरणीवर आले. मुलांचे कुपोषण सरकारी आकडेमोडीतही दडलेले असू शकते, हा त्याचा अर्थ.

याच सुमारास सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने खेड्यांत ज्वारीवर आधारलेली आरोग्य विमा योजना उभी केली. सुगीला प्रत्येक कुटुंबाने पायलीने ज्वारी द्यायची. भूमिहीनाने थोडी, जमीनदाराने एकरांच्या प्रमाणात अधिक. उपचार मात्र गरजेप्रमाणे. घराची ऐपत आणि मुलाचे औषध यांतील नाते तोडण्याचा हा प्रयत्न आम्हांस फार मोलाचा वाटतो. तरीही त्याला एक मर्यादा होतीच: आजारी लेकराजवळ बसलेल्या आईचा बुडालेला रोज कोणतीही पायली भरून देत नाही.

१ जुलै २००६ रोजी पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. त्यांत वर्धा होता. कर्ज, सिंचन, बियाणे असे विषय त्यात होते. कर्जबाजारी कपाशीच्या घरातले दूध, शाळा आणि दवाखाना याच हिशेबाला बांधलेले असतात, हे वेगळे सांगायला नको.

साहित्याचे अध्यापन करताना आम्ही पात्राच्या 'स्वभावा'ची चर्चा करतो. हडकुळे, चिडखोर, वर्गात पेंगणारे मूल कथेत भेटले की विद्यार्थी त्याचा स्वभाव लिहून मोकळे होतात. त्या मुलाच्या आईला रोज किती मिळतो, हे विचारणे आम्हांस समीक्षेचाच भाग वाटते.