तिकिटाचे पैसे कोणी भरले?

"स्वस्तात फिरायचं कसं, यावर एक एपिसोड कर ना," असा मेसेज दर महिन्याला कोणीतरी टाकतंच. माझं पोट कोडिंगवर आणि जीव इतिहासावर, त्यामुळे हॉस्टेल आणि डिस्काउंट कूपनबद्दल मी काय सांगणार! पण स्वस्त प्रवासाची एक जुनी गोष्ट माझ्याकडे आहे. मेक्सिकोतल्या एका शांत गावापासून अमेरिकेतल्या शिकागोपर्यंतची. ती ऐकताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा: तिकिटाचे पैसे कोणी भरले?

गावाचं नाव आरांदास. पश्चिम मेक्सिकोत हालिस्को नावाचं राज्य आहे, त्यातल्या डोंगराळ पठारावरचं गाव. लाल माती आणि निळसर अगावेची शेतं. हो, तीच अगावे, जिच्यापासून टकीला बनते. पॉल टेलर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९३३ साली या एका गावावर अख्खं पुस्तक लिहिलं. कारण काय, तर इथली माणसं कामासाठी उत्तरेला जात होती, परत येत होती, पुन्हा जात होती. शिकागो इथून अडीच हजार किलोमीटरहून लांब. गुगल मॅप नाही, फोन नाही, बऱ्याच जणांना लिहिता-वाचता येत नाही. मग ती पोचत कशी होती?

उत्तर आहे रेल्वे. १८८४ मध्ये मेक्सिको सिटीपासून थेट अमेरिकेच्या सीमेपर्यंत, म्हणजे आजच्या सिउदाद हुआरेझपर्यंत, सुमारे १,९७० किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. या रेल्वेत अमेरिकन पैसा होता आणि ती बांधली मुख्यतः खनिजं आणि माल वाहून न्यायला. माणसं त्यात नंतर चढली. मुख्य मार्ग आरांदासला शिवत नाही, म्हणजे आधी स्टेशन गाठायचं, मग सर्वात खालच्या वर्गाचा लाकडी बाक पकडायचा. आपला जनरल डबा डोळ्यांसमोर आणा.

पण तिकडून बोलावणं का येत होतं? अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. १९०७ मध्ये जपानशी समझोता करून तिकडचेही थांबवले. रूळ टाकायला, बीट काढायला माणसं तर हवीच होती. मग नजर वळली दक्षिणेला. त्यात १९१० मध्ये मेक्सिकोत क्रांती पेटली, आणि १९२६ ते १९२९ या काळात तर आरांदासच्याच पठारावर चर्च आणि सरकार यांच्यात क्रिस्तेरो युद्ध झालं. गावात राहणंही सोपं राहिलं नव्हतं.

आता ज्याच्या खिशात भाड्याचे पैसे नाहीत, त्याने काय करायचं? त्याच्यासाठी एक माणूस हजर असायचा: एन्गांचादोर. स्पॅनिशमध्ये 'गान्चो' म्हणजे हूक, आकडा. एन्गांचादोर म्हणजे गळाला लावणारा. आपल्या भाषेतही 'गळाला लावणं' याच अर्थाने येतं, हे मला फार गंमतीचं वाटलं. हा मुकादम गावोगाव फिरायचा, भाडं आगाऊ भरायचा, आणि ते नंतर मजुरीतून कापलं जायचं. सीमेवर एल पासोला पोचलं की एजन्सीवाले माणसं वाटून घ्यायचे. सांता फे रेल्वेला इतकी, दुसऱ्या कंपनीला तितकी. खिशातून एक पैसा न देता तुम्ही कॅन्सस सिटीपर्यंत, तिथून शिकागोपर्यंत जाऊ शकत होता. यापेक्षा स्वस्त प्रवास कुठला? फक्त तुम्ही कुठे उतरायचं, हे तुम्ही ठरवत नव्हता.

सीमेवरही तिकीट बोलायचं. टायफसच्या भीतीने १९१७ च्या जानेवारीत एल पासोच्या पुलावर मेक्सिकन लोकांना सक्तीची 'अंघोळ' सुरू झाली. कपडे काढायचे, ते वाफेत घालायचे, केसांत उवा दिसल्या तर रॉकेल चोळायचं. रेल्वेच्या पहिल्या वर्गाने येणाऱ्यांना मात्र यातून सूट होती. म्हणजे उवा तिकिटाचा वर्ग बघून चढतात असं त्या डॉक्टरांचं मत असावं! २८ जानेवारीला हुआरेझहून ट्रामने रोज धुणंभांड्याला जाणाऱ्या कार्मेलिता तोरेस या १७ वर्षांच्या मुलीने ट्राममधून उतरून नकार दिला. बघता बघता शेकडो बायका जमल्या, ट्राम अडवल्या, पूल बंद पाडला. या पोरीचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं. सक्तीची अंघोळ त्यानंतरही अनेक वर्षं चालू राहिली.

शिकागोत रेल्वे कंपन्यांनी मेक्सिकन मजूर मोठ्या संख्येने आणायला सुरुवात केली साधारण १९१६ पासून. १९१९ मध्ये पोलाद कामगारांचा मोठा संप झाला, तेव्हा कारखान्यांनी तो मोडायला यांनाच आणलं. यातल्या कित्येकांना आपण संप फोडायला चाललोय हे माहीतही नसावं, असं मला वाटतं. १९३० च्या जनगणनेत शिकागोत सुमारे २० हजार मेक्सिकन होते. राहायची सोय? रेल्वेवाल्यांनी जुने मालडबे बाजूच्या रुळांवर उभे करून ठेवले होते. त्यातच चूल, त्यातच संसार.

अशी एक वस्ती शिकागोच्या पश्चिमेला ऑरोरा गावात, बर्लिंग्टन रेल्वेच्या कडेला होती. ऑरोरा म्हटल्यावर ऑनसाइटला गेलेले श्रोते हसले असतील, कारण तिथे बालाजीचं मोठं मंदिर आहे आणि लोकलमध्ये मराठीसुद्धा ऐकू येते. मीही तिथे दीड वर्ष काढलं. माझं विमानाचं तिकीट कंपनीने काढलं होतं आणि त्याआधी एका कागदावर सही घेतली होती: वर्षाच्या आत सोडून गेलास तर प्रवासाचा आणि व्हिसाचा खर्च परत कर. कंपनीचं नाव राहू दे. मी एसी ऑफिसात बसायचो, तुलना ताणण्यात अर्थ नाही. पण एन्गांचेबद्दल पहिल्यांदा वाचलं, तेव्हा तो कागद आठवला खरा.

बरं, स्वतःच्या पैशाने, कायदेशीर जायचं तर? इथे आकडे बघा. १९१७ च्या कायद्याने डोक्यामागे ८ डॉलर कर आणि वाचता येतं का याची परीक्षा आली. शेतमालक आणि रेल्वेवाल्यांनी लगेच ओरडा केला, तेव्हा मेक्सिकन मजुरांसाठी ही अट काही वर्षं बाजूला ठेवली. गरज असेल तेव्हा कायदा वाकतो, तो असा. १९२४ मध्ये व्हिसाचे १० डॉलर आले. एकूण १८. शिकागोत रूळकाम करणाऱ्याची ही जवळपास आठवड्याची कमाई, गावाकडच्या शेतमजुराची महिन्याहून जास्त. नदी ओलांडून देणारा त्याहून कमी घ्यायचा. त्याच १९२४ मध्ये बॉर्डर पेट्रोल स्थापन झालं, आणि १९२९ मध्ये परवानगीशिवाय आत येणं हा फौजदारी गुन्हा ठरला. प्रवास तोच, रूळही तेच, पण आता प्रवासी गुन्हेगार.

मग आली मंदी. आणि अचानक तिकीट फुकट झालं! परतीचं. शिकागोजवळ, इंडियाना राज्यात ईस्ट शिकागो नावाचं पोलाद कारखान्यांचं शहर आहे. तिथे १९३२ मध्ये अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेने पुढाकार घेऊन मेक्सिकन कुटुंबांना गाड्यांत बसवून सीमेकडे पाठवलं. लॉस एंजेलिस काउंटीने हेच १९३१ पासून सुरू केलं होतं. देशभर लाखो लोक असे गेले. काही खुशीने, बरेचसे दबावाने. त्यांच्यातली पुष्कळ मुलं अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे अमेरिकन नागरिक होती. ज्या मुलांनी आरांदाससारखं गाव कधी पाहिलंही नव्हतं, त्यांना 'घरी' पाठवलं गेलं.

दहा वर्षांत पुन्हा महायुद्ध, पुन्हा माणसं कमी, पुन्हा बोलावणं. १९४२ ते १९६४ ब्रासेरो योजना चालली, एकूण सुमारे ४६ लाख करार. सीमेपलीकडचं भाडं मालकाचं, पण भरती केंद्रापर्यंत जायचं स्वतःच्या खर्चाने. सोनोरातल्या एम्पाल्मेसारख्या केंद्रावर लोक आठवडेच्या आठवडे उघड्यावर थांबायचे, यादीत नाव यावं म्हणून लाच द्यायचे. त्यासाठी गावात कर्ज काढलेलं असायचं. यावर वेगळा भाग करावा लागेल.

मला या सगळ्यात खरा बदल वाटतो तो सरकारी कागदांत सापडत नाही. हळूहळू भाडं देणारा माणूस बदलला. मुकादमाच्या जागी आधी गेलेला चुलतभाऊ आला, मेव्हणा आला. मान्वेल गामिओ या मेक्सिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९२६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतून मेक्सिकोत आलेल्या पोस्टाच्या मनीऑर्डरी मोजल्या. मोठा वाटा मिचोआकान, ग्वानाह्वातो आणि हालिस्को या तीनच राज्यांत जात होता. डेटा वापरायची ही पद्धत मला जाम आवडते: माणसं मोजता येत नाहीत ना, मग त्यांचे पैसे मोजा. त्यातल्याच काही पैशांतून पुढच्याचं तिकीट निघायचं. भावाने पैसे दिले की उतरायचं ठिकाणही ठरलेलं असायचं: भावाची गल्ली. शिकागोत पिल्सन आणि लिटल व्हिलेज या वस्त्या अशा भरत गेल्या.

आज मेक्सिकोतल्या त्या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या राहिल्या नाहीत, १९९० च्या दशकात खासगीकरण झालं आणि त्या बंद पडल्या. आता ग्वानाह्वातोच्या विमानतळावरून शिकागोला थेट स्वस्त विमान मिळतं. पर्यटक व्हिसाच्या अर्जाची फी २०२३ मध्ये १८५ डॉलर झाली, आणि व्हिसा नाकारला तर ती परत मिळत नाही. विमानात शेजारी बसलेल्या आजीचं तिकीट बहुतेक शिकागोतल्या नातवाने फोनवरून काढलेलं असतं.